दुकानापर्यंत न पोहोचलेली गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

रॉक संगीताचा विषय निघाला की ठरावीक नावे ओठांवर येतात. बीटल्स, रोलिंग स्टोन्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन, क्वीन. ह्या मंडळींच्या मोठेपणाविषयी वाद घालण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्याच काळात तितक्याच जीव ओतून गाणारे काही बँड असे होऊन गेले की ज्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, समीक्षकांनी ज्यांची मनापासून वाखाणणी केली आणि तरीही ज्यांची गाणी लोकांच्या कानावर पडलीच नाहीत. असा बँड दिसला की आपण सहज म्हणून जातो, त्यांच्यातच काहीतरी उणे असले पाहिजे. हे मत मला मुळीच पटत नाही. गाणे विसरले जाते ते बहुतेक वेळा गाण्याच्या दोषाने नव्हे, तर ते ऐकणाऱ्यापर्यंत नेणारी व्यवस्था मोडल्यामुळे. हे ज्याच्या बाबतीत अगदी लख्ख दिसते, त्या बिग स्टार नावाच्या बँडविषयी आज मला प्रामुख्याने बोलायचे आहे.

मेम्फिस हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले, मिसिसिपी नदीच्या काठावरचे शहर. एल्व्हिस प्रेस्लीचे पहिले रेकॉर्ड ह्याच शहरातल्या सन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले, आणि स्टॅक्स ह्या कंपनीने सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे भावपूर्ण गाणे, इथूनच जगभर पोहोचवले. ह्या शहरात जॉन फ्राय नावाच्या गृहस्थांचा आर्डेंट हा स्टुडिओ होता. फ्राय स्वतः उत्तम ध्वनिमुद्रक होते, आणि त्यांची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गाण्यावाजवण्याचे वेड असलेल्या तरुण मुलांना त्यांनी यंत्रे हाताळायला शिकवले आणि स्टुडिओच्या किल्ल्या त्यांच्या हवाली केल्या. दिवसा इतरांची कामे चालत, आणि रात्री स्टुडिओ ह्या मुलांचा असे.

त्या मुलांपैकी एक ख्रिस बेल. इंग्लंडच्या बँडवर, विशेषतः बीटल्सवर त्याचा जीव. त्याच्या सोबतीला बेस गिटारवर अँडी हमेल आणि ड्रम्सवर जोडी स्टीफन्स. चौथा आला अॅलेक्स चिल्टन, आणि तो आला तेव्हाच नावाजलेला होता. १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, बॉक्स टॉप्स ह्या बँडसाठी त्याने ‘द लेटर’ हे गाणे म्हटले आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पुढची काही वर्षे दुसऱ्यांनी निवडलेली गाणी दुसऱ्यांना हवी तशी गाऊन तो कंटाळला, तो बँड सोडून आला, आणि बेलच्या मंडळींना मिळाला. स्टुडिओसमोरच्या रस्त्यावर बिग स्टार नावाचे किराणा मालाचे मोठे दुकान होते. मध्यरात्रीच्या भुकेला ह्या मुलांना त्याचाच आधार होता, आणि बँडला नावही त्याच पाटीवरून मिळाले. पहिल्या अल्बमचे नाव त्यांनी ‘नंबर वन रेकॉर्ड’ असे ठेवले. तो १९७२ मध्ये निघाला.

ह्या अल्बममधल्या ‘थर्टीन’ ह्या गाण्याजवळ आपण थोडे थांबू. गाणे तीन मिनिटांहून लहान आहे. त्यात ड्रम्स नाहीत. विजेवर न चालणाऱ्या साध्या गिटारी, चिल्टनचा हलका आवाज, आणि त्याच्या बरोबरीने जाणारे मागचे स्वर, इतकाच संसार. शाळेतून घरी जाताना सोबत येऊ का, असे विचारणारा एक मुलगा त्यात बोलतो. ह्या विषयावरची गाणी शेकड्यांनी सापडतील, परंतु बहुतेकांमध्ये मोठ्या माणसाने लहानपणाकडे वळून पाहिलेले असते, आणि त्या पाहण्यात थोडे कौतुक, थोडी गंमत मिसळलेली असते. ‘थर्टीन’मध्ये ते अंतर नाही. तो मुलगा जितका धीट आहे तितकाच घाबरलेला आहे, आणि गाणे त्याला हसत नाही. त्याच अल्बमच्या आरंभी ‘फील’ हे गाणे आहे, त्यात बेलचा आवाज वरच्या पट्टीत ताणला जाऊन जवळजवळ फाटतो. एकाच रेकॉर्डमध्ये इतका उत्कट आवाज आणि इतका मवाळ आवाज शेजारी शेजारी नांदतात, आणि फ्राय ह्यांनी गिटारींची जी खणखणीत, स्वच्छ नोंद केली आहे ती पन्नास वर्षांनंतरही जुनी वाटत नाही.

मग हे रेकॉर्ड खपले का नाही? आर्डेंटची रेकॉर्डे दुकानांत पाठवण्याचे काम स्टॅक्सकडे होते. स्टॅक्सची सारी ओळखपाळख सोल संगीत विकणाऱ्या दुकानांशी आणि ते वाजवणाऱ्या रेडिओ केंद्रांशी. इंग्लिश वळणाचा हा रॉक बँड कोणाच्या गळ्यात घालायचा, हे त्यांच्या माणसांना उमगेना. त्याच वर्षी स्टॅक्सने वितरणाचा करार कोलंबिया ह्या बलाढ्य कंपनीशी केला. तो करणारे कोलंबियाचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस ह्यांना १९७३ मध्ये पदावरून जावे लागले, आणि त्यांच्यामागे त्या करारात कोणालाच रस उरला नाही. जुने छोटे वितरक तोवर बाजूला झाले होते, नवे हात हलवायला तयार नव्हते. रेडिओवर गाणे ऐकून एखादा माणूस दुकानात गेला, तर त्याला रेकॉर्ड मिळत नसे. पहिल्या आवृत्तीच्या दहा हजार प्रतीही गेल्या नाहीत, असे सर्वत्र सांगितले जाते. आपण रेडिओवर आहोत म्हणून मुद्दाम सांगतो, की रेडिओने आपले काम केले तरी पुढची साखळी तुटलेली असली, तर गाणे तिथेच विरून जाते.

ह्या अपयशाने ख्रिस बेल खचला. १९७२ संपता संपता त्याने बँड सोडला. उरलेले तिघेही पांगण्याच्या बेतात होते, परंतु मे १९७३ मध्ये देशभरचे रॉक समीक्षक मेम्फिसला एकत्र आले, त्यांच्यापुढे बिग स्टारने वाजवले, आणि लेखणी हातात धरणारी ती मंडळी उठून नाचू लागली. त्या दादेने बळ मिळाले आणि ‘रेडिओ सिटी’ हा दुसरा अल्बम तयार झाला. तो १९७४ मध्ये निघाला. त्याच्या वेष्टनावर लाल छताचे आणि मधोमध लोंबणाऱ्या उघड्या दिव्याचे जे छायाचित्र आहे, ते विल्यम एगल्स्टन ह्यांचे. रंगीत छायाचित्रणाला कलेचा मान मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे आहे, आणि ते ह्याच शहरातले. ह्या अल्बममधले ‘सप्टेंबर गर्ल्स’ हे गाणे ज्याने ऐकले नसेल, त्याने आजच ऐकावे. गिटारचे पहिले सूर झणकारत येतात, आणि चाल इतकी प्रसन्न आहे की शब्दांमधले दुःख लक्षात यायला दोनतीन वेळा ऐकावे लागते. पण वितरणाचा घोळ मिटलेला नव्हता. हेही रेकॉर्ड दुकानांत धड पोहोचले नाही.

तिसऱ्या अल्बमच्या वेळी हमेलही निघून गेला होता. चिल्टन, स्टीफन्स, आणि निर्माते म्हणून जिम डिकिन्सन, असे काम चालले. ‘कँगारू’ ह्या गाण्याची गोष्ट त्या दिवसांचे चित्र उभे करते. चिल्टनने आपला आवाज आणि बारा तारांची गिटार एकाच ट्रॅकवर मिसळून नोंदवली, म्हणजे दोन्ही पुन्हा वेगळे करण्याची सोय त्याने ठेवलीच नाही, आणि आता ह्याचे काय करायचे ते करा म्हणून डिकिन्सन ह्यांच्यापुढे टाकली. डिकिन्सन ह्यांनी तिच्याभोवती किंचाळणारी गिटार, तोल गेल्यासारखे ड्रम्स आणि मेलोट्रॉन ह्या टेपवर चालणाऱ्या पेटीवजा वाद्याचे दाट सूर रचले. ते गाणे सुंदर आहे, आणि ते ऐकताना भीती वाटते. हा अल्बम १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला, पण तो काढायला कोणी तयार होईना. १९७८ मध्ये तो कसाबसा बाहेर आला, तेव्हा बँड अस्तित्वात नव्हता.

त्याच १९७८ साली ख्रिस बेलचे एकुलते एक स्वतंत्र रेकॉर्ड एका छोट्या कंपनीने काढले. एका बाजूला ‘आय अॅम द कॉसमॉस’, दुसऱ्या बाजूला ‘यू अँड युअर सिस्टर’. ह्या दुसऱ्या गाण्यात बेलच्या जोडीने गातो आहे तो अॅलेक्स चिल्टन. दोघांचे मार्ग वेगळे झाले होते, तरी सूर जुळत होते. २७ डिसेंबर १९७८ च्या पहाटे बेलची मोटार मेम्फिसमध्ये विजेच्या खांबावर आदळली आणि तो गेला. त्याचे वय सत्तावीस होते. त्याची उरलेली गाणी अल्बम होऊन यायला १९९२ उजाडले.

आता ही गाणी परतली कशी, ते पाहू. ती परतली ती रेकॉर्ड हाती लागलेल्या मोजक्या माणसांमुळे, आणि त्यांतले बरेचजण स्वतः संगीतकार झाले. आर.ई.एम. बँडच्या पीटर बक ह्यांनी बिग स्टारचे ऋण उघडपणे मान्य केले. १९८४ मध्ये इंग्लंडच्या धिस मॉर्टल कॉइल ह्या समूहाने ‘कँगारू’ आणि ‘होलोकॉस्ट’ ही तिसऱ्या अल्बममधली गाणी नव्याने केली. १९८६ मध्ये बँगल्स ह्या गाजलेल्या बँडने ‘सप्टेंबर गर्ल्स’ गायले. १९८७ मध्ये रिप्लेसमेंट्स ह्या बँडने तर थेट ‘अॅलेक्स चिल्टन’ ह्या नावाचेच गाणे केले, आणि तेही मेम्फिसला येऊन, आर्डेंट स्टुडिओत, डिकिन्सन ह्यांच्याच हाताखाली. १९९३ मध्ये मिझुरी विद्यापीठात चिल्टन आणि स्टीफन्स पोझीज बँडच्या दोघांना सोबत घेऊन बिग स्टार म्हणून पुन्हा उभे राहिले आणि पुढे अनेक वर्षे वाजवत राहिले. मार्च २०१० मध्ये चिल्टन न्यू ऑर्लिन्सला हृदयविकाराने गेला. तीनच दिवसांनी ऑस्टिनच्या महोत्सवात त्यांचा कार्यक्रम होता, तो मित्रांनी श्रद्धांजली म्हणून पार पाडला. त्याच वर्षी जुलैमध्ये हमेलही गेला.

बिग स्टारवर मी इतका वेळ घेतला, कारण इथे दोष कोणा एकाचा नव्हता. दुसऱ्या एका बँडच्या बाबतीत मात्र कारण एका शब्दात सांगता येते, आणि तो शब्द म्हणजे त्या बँडचे नाव. डेट्रॉइट शहरातल्या हॅकनी कुटुंबातले डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हे तीन कृष्णवर्णीय भाऊ. त्या शहरात त्यांच्या वयाच्या मुलांनी तिथल्याच मोटाउन ह्या कंपनीच्या वळणाचे सोल संगीत करावे, अशी जगाची अपेक्षा. ह्यांना ओढ लागली ती ‘द हू’ हा बँड आणि अॅलिस कूपर ह्यांच्या रॉकची, आणि आईच्या परवानगीने घरातल्याच एका खोलीत त्यांचा सराव चाले. वडील अपघातात गेल्यावर थोरल्या डेव्हिडने बँडला ‘डेथ’ हे नाव दिले. मृत्यूकडे भयाने न पाहता उजेडाच्या दृष्टीने पाहावे, अशी त्याची धारणा होती. १९७५ च्या सुमारास युनायटेड साउंड ह्या स्टुडिओत त्यांनी सात गाणी ध्वनिमुद्रित केली. एका मोठ्या कंपनीच्या प्रमुखांना ती आवडली, फक्त नाव बदला म्हणाले. डेव्हिडने नकार दिला. हाता-तोंडाशी आलेला करार गेला, आणि १९७६ मध्ये भावांनी पदरचे पैसे घालून दोन गाण्यांच्या पाचशे प्रती काढल्या.

त्या दोनपैकी ‘पॉलिटिशियन्स इन माय आइज’ हे गाणे ऐका. बॉबीचा बेस धावत सुटतो, डॅनिसचा ठेका त्याला क्षणभरही उसंत देत नाही, आणि डेव्हिडची गिटार मधूनच झेप घेऊन परत जागेवर येते. ज्या वेगवान, रांगड्या रॉक संगीताला पुढे पंक म्हणून डोक्यावर घेतले गेले, ते इथे तीन भाऊ कोणतेही नाव न देता वाजवत होते. डेव्हिड २००० साली फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. जाण्यापूर्वी त्याने मूळ टेप बॉबीच्या स्वाधीन केल्या आणि एक दिवस जग ह्यांचा शोध घेत येईल, त्या जपून ठेव, असे बजावले. पुढे संग्राहकांमध्ये ते छोटे रेकॉर्ड मोठ्या किमतीला हातोहात फिरू लागले, बॉबीच्या मुलाला ते एका मेजवानीत ऐकू आले आणि त्याने वडिलांचा आवाज ओळखला. २००९ मध्ये ड्रॅग सिटी ह्या कंपनीने ती सात गाणी प्रसिद्ध केली. अल्बम जेमतेम सव्वीस मिनिटांचा आहे.

आपल्या मुंबईतही त्या वर्षांत असे बँड होते, आणि त्यांची अडचण ह्याहून बिकट होती. बहुतेकांचे वादन हॉटेले, महाविद्यालये आणि नाट्यगृहे ह्यांतच झाले व हवेत विरले, कारण रेकॉर्ड काढण्याची संधीच थोड्यांना मिळाली. सिमला ह्या सिगारेटच्या नावाने भरलेल्या सिमला बीट स्पर्धेतून १९७० आणि १९७१ मध्ये दोन रेकॉर्डे निघाली, म्हणून देशभरच्या काही बँडचा आवाज आज ऐकता तरी येतो. मुंबईच्या वेल्व्हेट फॉगमधून गाणारे नंदू भेंडे मराठी रसिकांना पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे भेटले. आत्माराम भेंडे ह्यांचा हा मुलगा त्याआधी इंग्रजी रॉक गात होता, हे कित्येकांना ठाऊक नसते. त्या काळच्या वादकांच्या घरी एखादी टेप पडून असेल, तर ती आता उन्हापासून आणि ओलीपासून वाचवून जाणत्या माणसाकडून नीट उतरवून घ्यायला हवी, कारण टेपवरचा थर झडू लागला की आवाज परत मिळत नाही.

ऐकायला सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारील. बिग स्टारचा ‘रेडिओ सिटी’ आधी घ्यावा, मग ‘नंबर वन रेकॉर्ड’. दोन्ही चांगले मुरल्यावर ख्रिस बेलचा ‘आय अॅम द कॉसमॉस’ ऐकावा, म्हणजे पहिल्या अल्बममधला कोणता रंग त्याचा होता हे आपोआप कळेल. तिसरा अल्बम सर्वांत शेवटी ठेवावा, आणि एका बैठकीत संपवण्याची घाई करू नये. डेथची सात गाणी मात्र सलग, आणि आवाज थोडा मोठा ठेवून ऐकावीत. नमस्कार.