‘पहिली गाडी ठाण्याला आली’ हे तुम्हाला कुणी सांगितलं?

नमस्कार श्रोतेहो.

प्रवेशाच्या याद्या लागल्या, फिया भरून झाल्या, रेल्वेचे पास निघाले. घरातलं पोर आता कॉलेजात जायला लागलंय. आणि एक दिवस ते सांगतं, हजार शब्दांची असाइनमेंट द्यायची आहे, शेवटी संदर्भ लिहायचे आहेत. बारावीला भाषेत नव्वदच्या घरात मार्क घेतलेली मुलं या पहिल्या असाइनमेंटमध्ये दहापैकी चार घेऊन घरी येतात. मग घरात चर्चा सुरू होते, की शिकवणारे कडक आहेत, की पोराचं लक्ष उडालंय. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. खेळाचे नियम बदललेले असतात आणि ते कुणी सांगितलेले नसतात.

बोर्डाच्या पेपरात तपासणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. तुम्हाला ते आठवतंय की नाही, एवढंच त्याला बघायचं असतं. म्हणून मुद्दे सुटे लिहायचे, खाली रेघ मारायची, पुरवणी लावायची. कॉलेजात वाचणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. तीनच आहेत, लिहून घ्या. हे कुणी म्हटलं? कुठे म्हटलं? आणि तुम्ही म्हणताय तेवढं मोठं ते खरंच आहे का? पुन्हा सांगतो: कुणी, कुठे, आणि किती मोठं.

आता यावरची माझी आवडती गोष्ट. ती एका वाक्याची गोष्ट आहे, आणि ते वाक्य ठाण्याचंच आहे.

ऐरोलीहून ठाण्याच्या कॉलेजात येणारी, पहिल्या वर्षाची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. विषय मिळालाय ‘रेल्वे आणि ठाणे’. ती पहिलं वाक्य लिहिते: ‘१६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली रेल्वे सीएसएमटीहून ठाण्याला आली आणि संपूर्ण देशाचा कायापालट झाला.’ वाक्य छान आहे. ठाण्यातल्या कुठल्याही सत्कार समारंभात टाळ्या घेईल. पण बाई पेन्सिल काढतात आणि या एका वाक्यात चार ठिकाणी गोल करतात.

पहिला गोल ‘सीएसएमटी’वर. १८५३ साली ती इमारत कुठे होती? तिचं बांधकाम सुरू झालं १८७८ साली, म्हणजे गाडी धावली त्यानंतर पंचवीस वर्षांनी. व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव १८८७चं, आणि आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे पूर्ण नाव तर २०१७चं. गाडी सुटली ती बोरीबंदरहून. आज जिथे आपण गाडी पकडतो त्याच भागातून, हे खरं. पण लिहिताना त्या काळचं नाव लिहायचं. वाटल्यास ‘आजच्या सीएसएमटीच्या परिसरातून’ अशी जोड द्यायची. नावं बदलतात, आणि काळाचा घोळ पहिल्या वर्षाच्या लिखाणात सगळ्यात जास्त इथेच होतो. १९९६च्या आधीच्या घटनेत ‘चेन्नई’ लिहिणं हे त्याच जातीचं.

दुसरा गोल ‘पहिली रेल्वे’वर. इथे ठाणेकरांना राग येतो, पण ऐका. मद्रासजवळ रेड हिल्स इथे १८३७ सालीच रूळ घातले होते. रस्त्याच्या कामाचा दगड वाहायला. उत्तरेत रुरकीला गंगेच्या कालव्याचं काम चाललं होतं, तिथे १८५१ साली वाफेचं इंजिन माती ओढत होतं. म्हणजे रूळ, डबे, इंजिन हे सगळं ठाण्याच्या आधी या देशात येऊन गेलं होतं. मग ठाण्याचा मान गेला का? मुळीच नाही. एक शब्द घालायचा: ‘प्रवासी’. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. बस. त्या एका शब्दाने वाक्य लंगडायचं थांबतं. उलट हीच मुलगी ‘आशियातली पहिली’ असं लिहिती झाली असती, तर बाईंनी विचारलं असतं, अख्खा आशिया तपासलास का? जपानची पहिली रेल्वे १८७२ सालची, एवढं माहीत असून भागत नाही. बाकीचे देशही बघावे लागतात. दावा जेवढा रुंद, पुरावा तेवढा जास्त लागतो. म्हणून नव्या माणसाने दावा अरुंद ठेवावा. पुन्हा सांगतो, दावा अरुंद ठेवावा.

जाता जाता बोलतो. आपल्या शहराचा अभिमान हवाच. पण ज्याला त्याला ‘आशियातलं पहिलं’, ‘जगातलं सर्वांत मोठं’ अशी बिरुदं लावायची जी हौस आपल्याकडे आली आहे, ती व्हॉट्सअॅपच्या आधीपासूनची आहे आणि फलक रंगवणाऱ्यांनी ती पोसली आहे. असो.

तिसरा गोल कुठे असेल? तो शब्दावर नाहीच, रिकाम्या जागेवर आहे. वाक्य संपतं तिथे, पूर्णविरामाच्या आधी. हे कुठून घेतलं? तारीख सर्वांना ठाऊक आहे, तिला संदर्भ नाही दिला तरी चालतं. १५ ऑगस्ट १९४७ला कुणी संदर्भ मागत नाही. पण पुढे ती मुलगी लिहिते की गाडीला चौदा डबे होते, सुमारे चारशे पाहुणे होते, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडली होती आणि एकवीस तोफांची सलामी झाली. हे तपशील कुणीतरी कुठेतरी नोंदवले म्हणून आपल्यापर्यंत आले. त्या नोंदवणाऱ्याचं नाव, साल आणि पान कंसात यायला हवं.

आणि इथेच खरी गंमत आहे. या गाडीला ठाण्याला यायला किती वेळ लागला? एका ठिकाणी सापडतं सत्तावन्न मिनिटं, दुसरीकडे सव्वा तास. सुटण्याची वेळ कुणी साडेतीन देतं, कुणी तीन पस्तीस. शाळेतला विद्यार्थी यातला जो आकडा आधी दिसेल तो लिहून मोकळा होतो. कॉलेजातल्या विद्यार्थ्याने थांबायचं असतं. घटनेच्या सगळ्यात जवळचा कागद कोणता? मुंबईत आणि पुण्यात तेव्हा वर्तमानपत्रं निघत होती. ती बघायला मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर दोन्ही आकडे त्यांच्या त्यांच्या संदर्भासह द्यायचे आणि सरळ लिहायचं की साधनांमध्ये एकमत नाही. ‘साधनांमध्ये एकमत नाही’ या वाक्याला मार्क कापले जात नाहीत, उलट मिळतात. बारावीपर्यंत हे कुणी सांगत नाही.

चौथा गोल ‘संपूर्ण देशाचा कायापालट’वर. चारशे पाहुण्यांची एक गाडी एका दुपारी चौतीस किलोमीटर आली, त्याने देश पालटला? पुढच्या वर्षी, १ मे १८५४ला, गाडी कल्याणपर्यंत गेली. बोरघाट चढायला १८६३ उजाडलं. बदल झाला असेल तर तो हळूहळू, तुकड्यातुकड्याने झाला. त्यातला एक तुकडा उचलायचा. उदाहरणार्थ, रेल्वे आल्यावर ठाण्याच्या खाडीतून होणाऱ्या बंदरवाहतुकीचं काय झालं? हा प्रश्न हजार शब्दांत मावतो. त्याला साधनही आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांच्या सरकारी माहितीग्रंथाचा, तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा आहे, १८८२ साली दोन भागांत निघाला, आणि त्यात व्यापारावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुलीने ते प्रकरण उघडलं, की तिची असाइनमेंट निम्मी झाली.

आता ते वाक्य पुन्हा ऐका: ‘बोरीबंदर ते ठाणे या सुमारे ३४ किलोमीटरच्या मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली; बांधकामाचा माल वाहणारे रूळ मात्र मद्रास आणि रुरकी इथे त्याआधीच वापरले गेले होते.’ पुढे कंसात लेखकाचं आडनाव, साल, पान. टाळ्या कमी पडतील, पण खोडायला जागा राहिली नाही.

घड्याळ पुढे गेलंय, म्हणून बाकीचं भराभर सांगतो.

प्रश्नातलं क्रियापद आधी बघा. ‘वर्णन करा’ म्हटलं तर काय आहे ते सांगा. ‘चर्चा करा’ म्हटलं तर किमान दोन बाजू हव्यात. ‘चिकित्सक आढावा घ्या’ म्हटलं तर दोन्ही बाजू मांडून कुठली का पटते, ते लिहायला लागतं. ‘चर्चा करा’ला वर्णन लिहिणं हे मार्क जाण्याचं पहिलं कारण.

हजार शब्दांचा हिशेब असा. शंभर शब्द सुरुवातीला: प्रश्न काय आणि तुमचं म्हणणं काय. शंभर शेवटी. मधल्या आठशेत चार किंवा पाच परिच्छेद. प्रत्येक परिच्छेदात एकच म्हणणं, मग त्याचा पुरावा, मग त्या पुराव्यावरून ते म्हणणं कसं निघतं त्याचा खुलासा. हा खुलासा मुलं गाळतात. अवतरण चिकटवतात आणि पुढे जातात. आणि ‘आजच्या विज्ञानयुगात’ किंवा ‘प्राचीन काळापासून मानव’ अशी सुरुवात कृपा करून नको. ती कुठल्याही विषयाला बसते, म्हणजे तुमच्या विषयाची नाही.

टिपण काढताना कागदाच्या डोक्यावर आधी लेखक, साल, पुस्तक, प्रकाशक लिहा. मगच मजकूर उतरवा, आणि प्रत्येक ओळीपाशी पान क्रमांक. जसंच्या तसं उतरवलं असेल तर तिथेच अवतरणचिन्ह घाला. नंतर आठवत नाही, आणि लेखकाचं वाक्य तुमचं म्हणून जातं. जुन्या पुस्तकाची नवी आवृत्ती हातात असेल तर दोन्ही सालं लिहा. माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चं, पण वाचनालयातली प्रत पुनर्मुद्रणाची असू शकते. पान क्रमांक द्यायचा तो हातातल्या प्रतीचा.

स्वतःच्या शब्दांत लिहायचं म्हणजे शब्दांना प्रतिशब्द घालायचे नाहीत. ‘धावली’च्या जागी ‘मार्गस्थ झाली’ केलं तरी वाक्य लेखकाचंच राहतं. परिच्छेद वाचा, पुस्तक मिटा, काय समजलं ते लिहा, मग उघडून ताडून बघा. आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी संदर्भ द्यायचाच. कल्पना तर त्याचीच आहे.

उचलेगिरीबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम आहेत. त्यातल्या टक्केवारीच्या शिक्षा प्रबंधांसाठी आहेत, पण कॉलेजं त्याच धर्तीवर चालतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही. ६०च्या वर गेलं की नोंदणी रद्द. संदर्भांची यादी आणि रीतसर उद्धृत केलेला मजकूर या मोजणीत धरत नाहीत. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या वर्षीचा प्रोजेक्ट मिळतो, पण तो इतरांनाही मिळतो, आणि तपासणाऱ्या सॉफ्टवेअरकडे तो आधीच जमा असतो. त्याच दुकानातल्या स्पायरल बाइंडिंगबद्दल आणि गुलाबी प्लॅस्टिकच्या कव्हराबद्दल मी स्वतंत्र भाषण देऊ शकतो. ‘किमान पंचवीस पानं’ अशी अट घालणाऱ्या प्राध्यापकांबद्दलही. पानं मोजली की मुलं अक्षर मोठं करतात, दुसरं काय होणार?

साधनं कुठे शोधायची? ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९३ सालापासूनचं. तिथल्या माणसाला विषय सांगा, तो कपाटापर्यंत नेईल. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. पूर्वी झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर आहेत, तिथे प्रबंधाच्या शेवटची यादी बघा, तुमचं निम्मं शोधकाम होतं. विकिपीडिया वाचा, पण संदर्भ म्हणून देऊ नका. लेखाच्या तळाशी जी पुस्तकं दिली आहेत तिथे जा.

आणि एआय. चॅटबॉटला विचारलं तर तो पुस्तकाचं नाव, लेखक, साल, पान सगळं झोकात देतो, आणि कित्येकदा तसं पुस्तकच नसतं. ग्रंथालयाच्या सूचीत सापडलं नाही आणि डोळ्यांनी पान पाहिलं नाही, तर ते यादीत घालायचं नाही. कॉलेजने एआय वापरायला परवानगी दिली आहे का, तेही आधी विचारा.

शेवटचं काम दहा मिनिटांचं. पेन्सिल घ्या. मजकुरात कंसात आलेलं प्रत्येक नाव शेवटच्या यादीत आहे का बघा, आणि असेल तिथे खूण करा. मग उलट बघा. यादीत ज्यावर खूण झाली नाही ते पुस्तक मजकुरात वापरलेलंच नाही, ते काढून टाका. यादी आडनावाच्या अकारविल्ह्याने लावा. संकेतस्थळ असेल तर पत्त्यापुढे, तुम्ही ते कधी पाहिलं ती तारीख टाका, कारण पान उद्या बदललेलं असू शकतं. कंस कसा, स्वल्पविराम कुठे, हे विभागाने दिलेल्या पद्धतीप्रमाणे. पद्धत दिली नसेल तर विचारा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच पाळा.

वेळ संपली. नमस्कार.