सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा नसतो
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषय फळ्यावर लिहिलेला आहेच: आयनिक बंध कसा तयार होतो. तुम्ही सगळे हे शाळेत शिकला आहात, काहीजण शिकवतही असाल, तेव्हा अणू, इलेक्ट्रॉन, धन आयन, ऋण आयन यांची ओळख करून देत बसत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे, आणि ती मी बरीच वर्षं मिळतील त्या श्रोत्यांना सांगत आलोय. शाळेत ऐकलेल्या आयनिक बंधाच्या गोष्टीतून, बंध ज्याच्यामुळे होतो नेमका तोच भाग गाळलेला असतो.

ते चित्र डोळ्यांसमोर आणा. डावीकडे सोडियम, तीन वर्तुळं, त्यांत इलेक्ट्रॉन २, ८, १. उजवीकडे क्लोरीन, २, ८, ७. सोडियमच्या बाहेरच्या वर्तुळावर एकुलता एक ठिपका. तिथून एक बाण निघतो आणि क्लोरीनच्या रिकाम्या जागेत जाऊन टेकतो. खाली ओळ असते की दोघांचं अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेतले आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण झालं आणि दोघं स्थिर झाले. कधीकधी अणूंना डोळे आणि हसरे ओठही काढलेले असतात. मुलांना ते आवडतं, मलाही त्यात वावगं वाटत नाही. माझं भांडण त्या बाणाशी आहे. तो असा काढलेला असतो, जणू उतारावरून पाणी वाहतंय.

आता आकडे बघा. सोडियमचा एक सुटा अणू घ्या, वायुरूपातला, आजूबाजूला कुणी नाही. त्याचा तो बाहेरचा इलेक्ट्रॉन काढून न्यायचा तर मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागे, ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. सोडियम तो आपण होऊन देत नाही, त्याच्याकडून ओढून घ्यावा लागतो. बरं, तोच इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या सुट्या अणूला दिला तर परत किती मिळतात? ३४९. म्हणजे १४७ किलोज्यूलची तूट. दोन शांत अणू होते, त्यांचे दोन आयन, म्हणजे भारित कण, केले आणि वर पदरचे १४७ घातले. यात स्थिर कोण झालं?

याहून गंमत पुढे आहे. सुट्या सोडियम अणूला एक जास्तीचा इलेक्ट्रॉन दिला तर तो ठेवून घेतो आणि ५३ किलोज्यूल बाहेर टाकतो. म्हणजे एकट्या सोडियमला विचारलंत तर द्यायला त्याची ना आहे आणि घ्यायला, थोडी का होईना, तयारी आहे! ज्याला आपण आवर्तसारणीतला दाता म्हणून मिरवतो, त्याची ही गत.

कुणी म्हणेल, सोडियमची निवड चुकली, दुसरी जोडी घ्या. चला, तुम्हीच सांगा, सगळ्यात सहज देणारा कोण आणि सगळ्यात हावरा कोण? ... सीझियम आणि फ्लोरीन. बरोबर, प्रत्येक सभेत हेच उत्तर येतं. सीझियमचा इलेक्ट्रॉन काढायला ३७६ लागतात. फ्लोरीनकडून परत येतात ३२८. तूट ४८. इलेक्ट्रॉन घेताना क्लोरीन फ्लोरीनपेक्षा जास्त ऊर्जा देतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तर सीझियम-क्लोरीन करून बघू: ३७६ वजा ३४९. तरीही २७ ची तूट. याच्या पुढे जाता येत नाही. सीझियमपेक्षा स्वस्तात इलेक्ट्रॉन सोडणारा अणू नाही, क्लोरीनपेक्षा जास्त परतावा देणारा नाही. थोडक्यात, अख्ख्या आवर्तसारणीत अशी एकही जोडी नाही की जिचे दोन अणू एकमेकांपासून लांब उभे राहून इलेक्ट्रॉनची देवघेव करतील आणि फायद्यात राहतील. एकही नाही. हे वाक्य प्रत्येक वर्गात मोठ्याने म्हटलं जावं असं मला मनापासून वाटतं.

एका उत्तरपत्रिकेबद्दल सांगतो. कुठली, कुणाची ते राहू द्या. प्रश्न होता, सोडियम क्लोराइड कसं तयार होतं. मुलीने लिहिलं होतं की सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ऊर्जा लागते, क्लोरीनकडून ती पुरती परत येत नाही, उरलेली भरपाई आयन जवळ आल्यावर होते. तीन ओळी, तिन्ही बरोबर. तिचे मार्क कापले गेले, कारण 'अष्टक पूर्ण होते' हे शब्द उत्तरात नव्हते. मला तेव्हा राग आला होता, अजून येतो. तिने विचार केला होता हो! असा विचार करणारं मूल समोर आलं तर पेपर तपासणाऱ्याने खुर्चीवरून उठायला हवं.

अष्टकाची कल्पना टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणत नाही. १९१६ साली जर्मनीत वाल्थर कोसेल आणि अमेरिकेत गिल्बर्ट लुईस यांनी जवळजवळ एकाच वेळी ती मांडली. निष्क्रिय वायूंच्या आगेमागे असलेली मूलद्रव्यं आयन होताना त्या वायूंसारखीच इलेक्ट्रॉनरचना घेतात, हे कोसेलने दाखवलं. ते खरंच आहे. कोणता आयन बनेल हे त्यावरून चटकन ओळखता येतं. पण ओळखण्याची खूण म्हणजे घडण्याचं कारण नव्हे, आणि आपण शंभर वर्षं खुणेलाच कारण म्हणून शिकवत आलोय.

आता मूळ मुद्द्याकडे जाण्याआधी हेन्री आर्मस्ट्राँग या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. थोडी लांबेल, पण ती इथलीच आहे.

१९१३ साली ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी स्फटिकांच्या आत डोकावायला सुरुवात केली. मुलगा लॉरेन्स, विशीतला. १९१५ साली नोबेल मिळालं तेव्हा तो २५ वर्षांचा होता. त्याने मिठाचा स्फटिक घेतला, तसाच पोटॅशियम क्लोराइडचाही घेतला. दोन्ही स्फटिक दिसायला सारखेच घनाकृती, पण क्ष-किरणांचे ठसे वेगळे. पोटॅशियम क्लोराइडचा ठसा जास्त साधा, जणू त्यात एकाच प्रकारचे कण आहेत. असं का? पोटॅशियमने एक इलेक्ट्रॉन गमावला की उरतात १८. क्लोरीनने एक घेतला की होतात १८. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात, त्यांना दोघं जवळपास एकसारखेच दिसणार. मिठात मात्र सोडियमकडे १० आणि क्लोरीनकडे १८, तिथे फरक लगेच उघडा पडतो. मला ही जोडी फार आवडते. दोन पांढरे क्षार शेजारी ठेवले आणि त्यांच्या ठशांतल्या फरकातून रचना हाती आली.

आणि ती रचना कशी होती? बुद्धिबळाच्या पटासारखी, तिन्ही दिशांना पसरलेली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. यातला अमुक क्लोरीन तमुक सोडियमचा, असं म्हणायला जागाच नाही. मिठाच्या खड्यात मिठाचा रेणू नाही! सोडियम आणि क्लोरीन यांची संख्या सारखी भरते ती मांडणीच्या भूमितीमुळे, जोड्या लागल्यामुळे नव्हे, असं ब्रॅगने पुढे स्वच्छ शब्दांत लिहिलं.

हे वाचून आर्मस्ट्राँग खवळले. मामुली माणूस नव्हता हा. १८४८ चा जन्म, सेंद्रिय रसायनशास्त्रातलं मोठं नाव, बेंझीनच्या रचनेवर काम केलेला, मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकावं म्हणून आयुष्यभर झगडलेला. १९२७ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात पत्र लिहिलं. मथळा असा: बिचारं साधं मीठ! पत्रात त्यांनी बजावलं की रसायनशास्त्र म्हणजे बुद्धिबळ नव्हे आणि भूमितीही नव्हे. ब्रॅगचं म्हणणं त्यांना हास्यास्पदाच्या पलीकडचं वाटलं. हे रसायनशास्त्रातलं क्रिकेट नव्हे, म्हणजे हा सरळ खेळ नव्हे, असंही ते लिहून गेले. रसायनशास्त्र रसायनशास्त्रज्ञांनी परत आपल्या ताब्यात घ्यावं, ही त्यांची मागणी होती.

आज हे वाचून हसू येतं, तुम्हीही हसलात. पण मला आर्मस्ट्राँगबद्दल आदर आहे. त्या माणसाची सगळी हयात रेणूंत गेली. कोणता अणू कोणाशी जोडलेला आहे, हे शोधणं हाच त्यांचा धर्म. त्यांना कुणी येऊन सांगतं की इथे कुणीच कुणाशी जोडलेलं नाही, सगळेच सगळ्यांशी आहेत. ते पटणार कसं? आयन ही कल्पनाच त्यांना आधीपासून खटकत होती. स्वीडनमध्ये आऱ्हेनियसने १८८४ साली, क्षार पाण्यात गेले की त्यांचे भारित कण होतात, असा प्रबंध लिहिला. त्याच्या विद्यापीठाने त्याला जेमतेम पास केलं, आणि १९०३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. आर्मस्ट्राँग त्याच्याही विरोधात होते, आणि तेही शेवटपर्यंत. पण एक लक्षात घ्या. ते जिथे अडखळले तिथेच आपली मुलं आज अडखळतात. बाणाचं चित्र शिकलेल्या मुलाला विचारा, हा सोडियम कोणत्या क्लोरीनशी बांधलेला आहे? ते शेजारच्या एकाकडे बोट दाखवेल, ज्याला इलेक्ट्रॉन दिला त्याच्याकडे. आर्मस्ट्राँगच्या पत्रातली समजूत आपण चित्र काढून पुन्हा रुजवतो आहोत.

दहा मिनिटं उरली आहेत अशी चिठ्ठी आली आहे. बरं. मग मुख्य हिशेब भरभर करू, लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

१९१९ साली माक्स बोर्न आणि फ्रित्झ हाबर यांनी हा जमाखर्च मांडला. सुरुवात सुट्या अणूंपासून नको, खऱ्या पदार्थांपासून करू: सोडियमचा धातू आणि क्लोरीन वायू. धातूतून सोडियमचे अणू सुटे करायला १०७. क्लोरीनच्या रेणूचे तुकडे करून एक अणू मिळवायला १२१. सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६. इथवर नुसता खर्च. क्लोरीनने परत दिले ३४९. निव्वळ खर्च ३७५. आणि प्रयोगशाळेत मोजलं तर मीठ तयार होताना ४११ बाहेर पडतात. म्हणजे कुठून तरी ७८६ किलोज्यूल जमा झाले. एवढी मोठी रक्कम आली कुठून?

जाळ्यातून, म्हणजे आयनांच्या त्या पटासारख्या मांडणीतून. विरुद्ध भारांचे आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिकात बसताना ती बाहेर पडते. एकच जोडी २८२ पिकोमीटरवर आणली, म्हणजे स्फटिकातल्या अंतरावर, तर ४९३ सुटतात. पण स्फटिकात जोडी नसते. सोडियमभोवती सहा क्लोराइड, ते ओढतात. त्यापलीकडे बारा सोडियम, ते ढकलतात. त्यापलीकडे आठ क्लोराइड, पुन्हा ओढ. ही बेरीज-वजाबाकी अनंतापर्यंत न्यायची, की आकडा येतो १.७४८, मॅडेलुंगचा स्थिरांक. ४९३ ला त्याने गुणा, ८६० च्या आसपास येतील. अगदी जवळ आल्यावर इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांना रेटतात, त्यासाठी दहाव्या हिश्श्यापेक्षा जरा कमी वजा करा. आलो आपण ७८६ च्या घरात. आयनिक बंध म्हणतात तो हा. तो बाणात सापडणार नाही, कारण तो त्या सगळ्या जाळ्यात पसरलेला आहे.

मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? दुसरा काढायला ४५६२ लागतात. तो आतल्या कक्षेतला, केंद्रकाच्या घट्ट मुठीतला. कुठलंही क्लोराइडचं जाळं एवढी भरपाई करू शकत नाही. मॅग्नेशियमचे दोन काढायला मिळून २१८९ लागतात. दोन्ही इलेक्ट्रॉन बाहेरच्याच कक्षेतले, आणि दुप्पट भारामुळे जाळं ते भरून देतं. म्हणून मॅग्नेशियम दोन देतो. अष्टकाचा नियम या हिशेबातून आपोआप बाहेर पडतो, वरून लादावा लागत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइड बघा: दोन ऋणभारांचा ऑक्साइड आयन एकटा, वायुरूपात टिकतच नाही. ऑक्सिजनवर दुसरा इलेक्ट्रॉन बळजबरीने लादावा लागतो. तरी ते संयुग बनतं, कारण जाळं जवळपास ३८०० देतं. मीठ ८०१ अंश सेल्सियसला वितळतं, हे २८५० च्या आसपास.

इलेक्ट्रॉन उडी कधी मारतो? सोडियम आणि क्लोरीनचे सुटे अणू एकमेकांकडे येताहेत असं धरा. १४७ ची तूट विद्युत आकर्षणाने भरून निघते ती अंतर सुमारे ९४० पिकोमीटर झाल्यावर. तोवर इलेक्ट्रॉन जागचा हलला तर तोटाच. उलटही खरं: वायुरूपातला सोडियम क्लोराइडचा एकटा रेणू हळूहळू ताणून तोडलात तर हाती आयन येत नाहीत, साधे अणू येतात. इलेक्ट्रॉन सोडियमकडे परत जातो!

दोन मिनिटं, एवढं सांगतोच. १९६२ साली कॅनडात नील बार्टलेटच्या लक्षात आलं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड ऑक्सिजनच्या रेणूचासुद्धा इलेक्ट्रॉन काढून घेतं. त्याने तक्ता पाहिला. ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन काढायला जेवढी ऊर्जा लागते, जवळजवळ तेवढीच झेनॉन या निष्क्रिय वायूला लागते, ११७० च्या आसपास. धन आयनाचा आकारही तसाच राहील, म्हणजे जाळं तेवढीच भरपाई देईल, असं त्याने ताडलं. झेनॉनचं अष्टक पूर्ण असतं, तो कुणाशी संयोग करत नाही, असं प्रत्येक पुस्तकात छापलेलं होतं. बार्टलेटने प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र येऊ दिले, आणि काचेच्या भांड्यात लगेच पिवळा घन पदार्थ जमला. तो नेमका काय होता, हे त्याने आधी लिहिलेल्या सूत्रापेक्षा गुंतागुंतीचं निघालं. पण झेनॉन संयुगात शिरला होता, आणि त्याचा अंदाज या जमाखर्चावरूनच बांधलेला होता.

वेळ संपली. मॅडेलुंगची बेरीज फळ्यावर पहिल्या तीन फेऱ्यांपर्यंत लिहून ठेवतो. ती सरळ जुळत नाही, आकडे वरखाली उड्या मारतात, ते का हे घरी करून बघा. मागच्या रांगेत केव्हापासून हात वर आहे. विचारा.