मांडी ही सीट नव्हे

(कोल्हापुरात पालकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. जोतिबाला जायचं ठरलं की आपल्याकडं आधी माणसं मोजतात. मोठी पाच आणि पोरं तीन. कुणीतरी शंका काढतं, गाडी तर पाचजणांची आहे. लगेच उत्तर येतं, "बसतंय की! पोरांना काय वेगळी जागा लागत्या? मांडीवर घ्यायची." आणि पाचांच्या गाडीतून आठजण डोंगर चढतात. मला आज या मोजणीबद्दलच बोलायचं आहे. गाडीत मूल मोजायचं ते पूर्ण एक. त्याला स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा. एवढं मान्य केलंत तर पुढचं सगळं तपशिलाचं काम आहे, आणि ते फार अवघड नाही.

माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत झाली. ओतकामाचे भाग मशीनवर काढून मोटार कंपन्यांना पाठवायचे, हा आमचा धंदा. तिथं प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारतात, की हा किती भार झेपवेल? तोच प्रश्न मी आज आईच्या हाताला विचारणार आहे.

गाडी ताशी 50 किलोमीटरनं चालली आहे. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. समोर काहीतरी आलं आणि गाडी आदळून, बॉनेट चेपत, अर्ध्या मीटरात थांबली. मांडीवर वर्षाचं बाळ आहे, दहा किलोचं. त्याला तेवढ्याच अंतरात थांबवायचं तर हाताला साधारण 200 किलोचा ओढा बसतो. साखरेची चार पोती म्हणा. हे सगळं एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्याही आत संपतं. मेंदूनं 'धर' म्हणून हाताला सांगायच्या आधीच. गंगावेशीच्या तालमीतला पैलवान आणून मागं बसवला तरी त्याच्या हातून ते पोर सुटणार. त्यात ताकदीचा प्रश्न येतच नाही. आणि वेग दुप्पट झाला की हा मार चौपट होतो, हे शाळेत आपण सगळ्यांनीच शिकलोय.

काहीजण म्हणतात, मग आम्ही एकच बेल्ट दोघांभोवती लावतो. ते तर करूच नका. आईचं सगळं वजन मागून पुढं येतं आणि बाळ आई आणि पट्टा यांच्या मध्ये सापडतं. आणि आईनं बेल्ट लावलाच नसेल तर बाळ पुढच्या सीटच्या पाठीवर जातं आणि त्याच्यावर आई.

आपल्याकडं एक अलिखित नियम आहे. बेल्ट लावायचा तो तावडे हॉटेलपाशी, महामार्गाला लागताना. गावात कशाला? आणि मागं बसणाऱ्यानं तर कुठंच नाही. उद्योगपती सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. त्यानंतर महिनाभर आपल्याकडं मागचे बेल्ट सीटच्या फटीतून बोटं घालून उकरून काढले गेले. मग परत सीट कव्हरच्या खाली गेले. आज घरी गेल्यावर एवढं बघा, तुमच्या गाडीतलं मागचं बकल वर आहे का कव्हरखाली गाडलंय.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही कायद्यासाठी इथं आलेला नाही. 1 सप्टेंबर 2019 पासून मोटार वाहन कायद्यात कलम 194 ब आहे. 14 वर्षांखालचं मूल बेल्टनं किंवा लहान मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल, तर 1000 रुपये दंड. दंड गाडी चालवणाऱ्याला, मुलाला मांडीवर घेतलेल्या आजीला नाही.

आता सीटकडं येऊ. पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की, गाडीला बेल्ट आहे ना, मग पोराला तोच लावू, वेगळी सीट कशाला? गाडीचा पट्टा मोठ्या माणसाच्या हाडांसाठी केलेला आहे. तो खाली कमरेच्या हाडाला धरतो आणि वर गळपट्टीच्या हाडावरून छातीवर येतो. हाड भार घेतं. लहान मुलाचं कमरेचं हाड अजून तेवढं वर आलेलं नसतं, त्यामुळे पट्टा सरकून पोटावर चढतो. पोटात आतडी आहेत, यकृत आहे, तिथं भार घ्यायला काहीच नाही. वरचा पट्टा गळ्याला घासतो, म्हणून पोर तो काखेखाली घालतं किंवा पाठीमागं टाकतं. झालं, आता त्याला धरून ठेवणारं छातीवर काहीच उरलं नाही.

आणि त्याच्याही खालचं वय घ्या. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं. मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. पुढं तोंड करून बसलेल्या बाळाचं धड पट्ट्यानं थांबतं, पण ते जड डोकं पुढं जायला बघतं आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणून बाळाची सीट उलटी लावतात, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडं. धडक बसली की डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि भार सगळीकडं पसरतो. ही कल्पना 1960 च्या दशकात स्वीडनमधल्या बर्टिल आल्डमन यांची. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, ते पाहून त्यांना सुचली. युरोपच्या नव्या नियमात 15 महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे. माझं म्हणणं, सीटवर लिहिलेल्या उंची-वजनात बसतंय तोवर उलटंच ठेवा. "पाय दुमडतात हो त्याचे," असं आज्ज्या म्हणतात. दुमडू देत. मुलं घरीसुद्धा मांडी घालूनच बसतात की.

ही उलटी सीट पुढं ड्रायव्हरच्या शेजारी, चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते आणि तिचा पहिला दणका थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागं बसतो. तुमच्या गाडीच्या सनवायझरवर त्याचं चित्र आहे, लाल फुली मारलेलं. आपण ते कंपनीचं स्टिकर समजून सोडून देतो. मुलाची जागा मागंच.

उलट्या सीटमधून मूल मोठं झालं की पुढं तोंड केलेली, स्वतःचे पट्टे असलेली सीट. त्यातूनही मोठं झालं की बूस्टर, जो मुलाला फक्त उंच करतो, म्हणजे गाडीचा पट्टा योग्य हाडांवर येतो. बूस्टर कधी काढायचा? वय विचारू नका, मुलाला बसवून बघा. पाठ सीटला टेकलेली, गुडघे सीटच्या कडेवर नीट वाकलेले, खालचा पट्टा मांडीच्या मुळाशी, वरचा खांद्याच्या मधोमध. आणि पन्हाळ्यापर्यंत ते असं न घसरता बसलं पाहिजे. बहुतेक मुलांना यासाठी 145 सेंटीमीटरच्या आसपास उंची लागते. म्हणजे चौथी-पाचवीतलं पोरगंही अजून बूस्टरचं गिऱ्हाईक असू शकतं, कितीही मिश्या फुटल्यासारखं बोलत असलं तरी.

आता बसवण्याचं जरा सावकाश सांगतो, कारण घोळ इथंच होतो. सीट विकत घेतात, आणि ती मागं नुसती ठेवलेली असते. वळणावर सीटच लोळते, बाळासकट. बेल्टनं बसवायची असेल तर सीटच्या अंगावर बेल्टची वाट दाखवलेली असते, बहुधा उलट्यासाठी निळी आणि सुलट्यासाठी लाल. त्याच वाटेनं पट्टा घालायचा, बकल लावायचं, मग सीटमध्ये आपला गुडघा रोवून वजन टाकायचं आणि पट्टा ओढून सगळी ढिलाई काढायची. मग जिथून पट्टा जातो, तिथं सीट धरून हलवायची. इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत गुडघा. नव्या गाड्यांत सीटच्या फटीत दोन लोखंडी कड्या असतात, त्याला आयसोफिक्स म्हणतात. सीटचे दोन हात त्यात खट्कन बसतात आणि हिरवी खूण दिसते. तिथं चुकायला वाव कमी. पण वरचा पट्टा किंवा खालचा टेकू असेल तर तोही लावायचा, तो शोभेला दिलेला नाही. आणि आयसोफिक्सलाही वजनाची मर्यादा असते, ती मॅन्युअलमध्ये बघा.

मग बाळाचे पट्टे. उलट्या सीटमध्ये ते खांद्याच्या रेषेत किंवा थोडे खालून यावेत, सुलट्या सीटमध्ये रेषेत किंवा थोडे वरून. आवळल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर ढिला आहे. थंडीत पहाटे नरसोबावाडीला निघताना आपण पोराला दोन स्वेटर, कानटोपी, वरून जाडजूड जॅकेट घालतो आणि त्यावर पट्टा आवळतो. धडकेत ते जॅकेट दबतं आणि पट्टा आपोआप ढिला होतो. जॅकेट काढा, पट्टा लावा, वरून शाल टाका. एप्रिलमध्ये उलटा त्रास. उन्हात उभ्या गाडीत बकलचं लोखंड इतकं तापतं की मांडीला चटका बसतो आणि पोर त्या दिवसापासून सीटचं नावच काढू देत नाही. उतरताना सीटवर एक पांढरं फडकं टाकून ठेवा.

इथं मागून एका ताईंनी विचारलंय, "सर, बसवलं की भोकाड पसरतंय. काय करायचं?" रडू द्यायचं, ताई. कठोर वाटतंय ना? लसीकरणाला नेतो तेव्हाही ते रडतंच. पहिल्या दिवसापासून, दवाखान्यातून घरी आणतानाच सीटमध्ये आणलेलं मूल भांडत नाही, त्याला गाडी म्हणजे हेच माहीत असतं. दीड वर्षांनी सुरू केलंत तर पंधरवडाभर रडारड धरून चाला. करूळ घाटात उलटी होतेय म्हणून पट्टा सोडून बाळ कडेवर घेतात. गाडी थांबवा, बाहेर काढा, तोंड पुसा, परत बांधा आणि मग निघा.

खरी अडचण रडणाऱ्या पोराची नसतेच. घरात आज्जी असतात. "आम्ही तुम्हाला असंच वाढवलं." त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना मागं सीटच्या शेजारची जागा द्या. बाळाचा हात धरायचा, खुळखुळा वाजवायचा, गाणं म्हणायचं, हे काम त्यांचं. फक्त स्वतःचा बेल्ट लावून. बेल्ट न लावलेलं शेजारचं मोठं माणूस बाजूच्या धडकेत बाळाच्याच अंगावर येतं.

पैशाचं बोलतो. साधी चांगली सीट चार-पाच हजारांपासून मिळते. बारशाला मामा अंगठी आणतो, आत्या चांदीचे वाळे आणते. वाळे दोन महिन्यांत पायाला होत नाहीत. मामाला आधीच सांगून ठेवा. घेताना सीटवर भारताचं एआयएस 072 हे मानक किंवा युरोपची केशरी पट्टी, गोलात 'ई' अक्षर असलेली, एवढं बघा. पाहुण्यांकडून वापरलेली घ्यायला हरकत नाही, पण ती कधी अपघातातल्या गाडीत होती का आणि तिची मुदत संपली का, हे विचारून. अपघात सोसलेली सीट वरून धडधाकट दिसते, आतलं प्लास्टिक तडकलेलं असतं. अशी सीट भंगारातच टाका, आणि टाकायच्या आधी तिचे पट्टे कापा, म्हणजे दुसरं कुणी उचलणार नाही.

नवी गाडी घेत असाल तर भारत एनकॅपचे, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या चाचणीचे, तारे बघा. ऑक्टोबर 2023 पासून ते सुरू झालं. मोठ्यांसाठी वेगळे तारे असतात आणि लहान मुलांसाठी वेगळे. शोरूममधला पोरगा पहिलाच आकडा सांगेल, दुसरा तुम्ही विचारायचा. मुलांसाठीचे गुण 49 पैकी असतात.

बेल्टचा पी-पी आवाज बंद करायला मिळणारं खोटं बकल ज्यांच्याकडं असेल त्यांनी ते आज काढून टाकावं. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना ते विकायला मनाई केली. सनरूफमधून पोरं उभी करून रंकाळ्याला चक्कर मारणाऱ्यांना मी काही सांगणार नाही. ते या व्याख्यानाला आलेलेच नसतात.

गाडी उभी असतानाचं एकच सांगतो. महाद्वार रोडला "दोन मिनिटांत आलो" म्हणून झोपलेलं मूल गाडीत ठेवून जाऊ नका. बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी वाढतं, काच इंचभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही, आणि मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. बाळ मागं असताना आपली पर्स किंवा मोबाईल मागच्याच सीटवर ठेवायची सवय लावा, म्हणजे मागचं दार उघडावंच लागतं.

वडापची जीप आणि शाळेची रिक्षा यांबद्दल तुम्ही विचारणार, हे मला माहीत आहे. तिथं पट्टा नाही, तुम्ही आणि मी एकट्यानं तो लावू शकत नाही. तिथं मागायची गोष्ट आहे मोजणीचीच. रिक्षामामांना आणि शाळेला पालकसभेत विचारा, परवाना कितीचा आणि मुलं किती? चार पालकांनी मिळून विचारलं की उत्तर बदलतं. ज्यांच्याकडं स्कूटर आहे त्यांच्यासाठी, नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याच्या अंगाला बांधणारा पट्टा आणि 40 च्या आत वेग, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी 2023 पासून आहे.

कोणत्या कंपनीची सीट घ्यावी, हे मी सांगणार नाही. कारण जी तुमच्या गाडीत घट्ट बसते ती चांगली, आणि ते गाडीत लावून बघितल्याशिवाय कळत नाही. दुकानदाराला सांगा, आधी लावून दाखव. खाली पार्किंगमध्ये मी दोन सीट आणल्यात, एक उलटी आणि एक बूस्टर. ज्यांची गाडी आहे त्यांनी ती दारापाशी घ्या, मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढून ठेवा, आणि सीट कव्हरवाल्यांनी आधी ते बकल वर काढा. मुलं सोबत असतील तर बरंच, त्यांना बसवूनच बघू.