मोटर थांबत नाही: जुन्या पिनबॉल मशीनमधला बिघाड शोधताना

[दृश्य: काच काढलेलं मशीन, मागचं दार उघडं]

स्टार्टचं बटण दाबलं. आत खटाखट सुरू झालं, स्कोअरच्या चकत्या फिरल्या, तळाशी एक मोटर घरघरू लागली. एरवी ती काही सेकंदांत थांबते आणि चेंडू बाहेर येतो. इथे चेंडूचा पत्ता नाही. मोटर मात्र फिरतेच आहे.

मशीन सत्तरच्या दशकातलं, शिकागोत बनलेलं. गॉटलिब, विल्यम्स, बॅली हे सगळे मोठे कारखानदार त्याच शहरातले. १९४७ मध्ये गॉटलिबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर पहिल्यांदा विजेवर चालणारे फ्लिपर, म्हणजे चेंडूला वर फटकारणारे छोटे हात, बसले. पुढे साधारण तीस वर्षांनी मायक्रोप्रोसेसर आले आणि सगळं बदललं. मधल्या काळातल्या या मशीनमध्ये ना चिप, ना प्रोग्रॅम. कितवा चेंडू चाललाय, कुणाची पाळी आहे, किती गुण झाले, हे सगळं रिले (विजेने ओढले जाणारे स्विच), कॅम (खाचा असलेल्या फिरत्या चकत्या) आणि पितळी रिव्हेटांवरून सरकणाऱ्या धातूच्या पत्त्या लक्षात ठेवतात. त्यामुळे मशीन काय विचार करतंय ते डोळ्यांनी दिसतं. बिघाड शोधणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

पण आधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. यातल्या बऱ्याच मशीनना दोन पिनांचा प्लग असतो, अर्थिंग नसतं आणि स्विच एकाच तारेवर बसवलेला असतो. प्लग उलटा लागला, तर मशीन बंद दिसत असताना आत ट्रान्सफॉर्मरपर्यंत करंट असतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे कॉइलना (दट्ट्या ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांना) साधारण २४ ते ५० व्होल्ट मिळतात आणि दिव्यांना ६. अलीकडे मात्र घरचा पूर्ण सप्लाय असतो.

[दृश्य: स्कोअर मोटर, जवळून]

आता ती मोटर. तिच्या दांड्यावर कॅम आहेत आणि प्रत्येक कॅमला टेकून पत्तीचे स्विच. पन्नास गुणांचं लक्ष्य लागलं, की मोटर ठरावीक फेरी घेते आणि दहाच्या चकतीला पाच ठोके देते. नवा खेळ सुरू होताना सगळ्या चकत्या शून्यावर आणणारे ठोकेही हीच देते. चकती शून्यावर पोचली, की तिच्या बाजूच्या स्विचचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जोडणारी टोकं, सुटतात. प्रत्येक चकतीचे पॉइंट सुटले, की रिसेटचा रिले पडतो आणि मोटर थांबते.

म्हणजे मोटर थांबत नसेल, तर तिच्यात दोष नाही. एखादी चकती तिला अजून ‘झालं’ म्हणत नाहीये.

कोणती, ते पाहायचं. समजा, चार चकत्या शून्यावर आहेत. पाचवी सातावर अडून नुसती थरथरतेय, तर ठोका तिच्यापर्यंत येतोय पण दट्ट्या पूर्ण ओढला जात नाही. लाकडी काडीने तो दट्ट्या दाबून चकती शून्यावर न्या. मोटर थांबली, तर स्विच ठीक आहे, अडचण यंत्रणेत आहे. बहुधा जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं. उलट पाचही शून्यावर असून मोटर चालूच असेल, तर कुठल्यातरी चकतीचे पॉइंट सुटायचे राहिलेत.

आपल्या मशीनमध्ये हे दुसरं निघालं. शंभरच्या चकतीमागची पत्ती किंचित वाकलेली. दोन पॉइंटांमध्ये उजेडाची फट दिसायला हवी, ती नाही. पत्ती मुळाशी धरून, वाकवायच्या अवजाराने केसभर मागे घेतली. दीडेक मिलिमीटरची फट पडली. मोटर थांबली, चेंडू आला.

ही पत्ती आपोआप वाकत नाही. कुणीतरी वाकवलेली असते. जुन्या पिनबॉलमध्ये विजेने केलेल्या नुकसानापेक्षा मशीन ‘सर्व्हिस’ करणाऱ्यांनी केलेलं नुकसान जास्त सापडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. एक दोष सापडेना, म्हणून दिसेल तो स्विच घासायचा, दिसेल ती पत्ती वाकवायची. मग एकाचे दहा दोष होतात. पॉलिश पेपर तर यात नकोच. त्याचे खरखरीत कण पॉइंटात रुततात. चांदीच्या पॉइंटांना बारीक कानस एक-दोनदा फिरवली, तरी पुरते. आणि स्प्रेचं तेल? ते उडून जातं, मागे चिकटा राहतो, शिवाय ठिणगी पडणाऱ्या जागी ते ज्वलनशील. स्टेपरची (दर ठोक्याला एक पाऊल सरकून मोजणाऱ्या भागाची) बेकेलाइटची चकती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेवढंच.

[दृश्य: फ्लिपरची कॉइल, खालून]

फ्लिपरकडे थोडा वेळ थांबू, कारण सगळ्यात जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच काढले जातात. फ्लिपर मरगळलेला, चेंडू वरपर्यंत जात नाही. लोक म्हणतात कॉइल गेली, आणि नवी मागवतात. या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची जोर देते, बारीक तारेची फ्लिपर वर धरून ठेवते. फ्लिपर खाली असताना शेजारचा एक छोटा स्विच बंद, म्हणजे पॉइंट जुळलेला, असतो, बारीक गुंडाळी वगळली जाते आणि सगळा करंट जाड तारेतून जातो. फ्लिपर वर पोचला, की तो स्विच उघडतो, बारीक गुंडाळी वाटेत येते आणि करंट कमी होतो.

त्या स्विचचे पॉइंट जळून काळे झाले, तर जोराचा झटका मिळतच नाही. कॉइल ठणठणीत, फ्लिपर मात्र लुळा. आणि स्विच उघडलाच नाही, तर बटण दाबून धरल्यावर जाड तार पूर्ण करंट खात बसते. आतली नायलॉनची नळी वितळते, दट्ट्या अडकतो, जळका वास येतो. हे पॉइंट बहुधा टंगस्टनचे असतात, कडक. त्यांना खरी कानस लागते.

एखादी कॉइल अजिबात ओढतच नसेल, तर सर्किट डायग्राम उघडा. तो मशीनच्या एका ठरावीक स्थितीत काढलेला असतो आणि ती स्थिती कागदावरच लिहिलेली असते. ती न वाचता स्विच उघडा की बंद हे ठरवू नका. कॉइलपासून मागे मागे जा. क्लिप लावलेल्या जंपर वायरने एकेक स्विच क्षणभर वगळा. ज्याला वगळल्यावर कॉइल ओढली, तो दोषी. कापडी आवरणाच्या तारांचे रंग उतरलेले असतात, म्हणून तार बांधणीतून जरा ओढून, उजेड न लागलेल्या भागातला रंग बघा.

फ्यूज वारंवार उडत असेल, तर मोठा फ्यूज लावू नका. चॉकलेटचा चंदेरी कागद तर नाहीच. तोही जुन्या होल्डरमध्ये गुंडाळलेला सापडतो.

दिवे मिणमिणतात त्याला बहुतेक वेळा बल्ब नाही, गंजलेला होल्डर कारण असतो.

शेवटी काच लावा आणि खरोखर खेळा. कॅबिनेटला तळहाताने दणके द्या, फ्लिपर भराभर मारा. काही लूज कॉन्टॅक्ट मशीन हादरल्यावरच तोंड दाखवतात. अशा वेळी बाजूच्या भिंतीवरचा तो लोंबता लंबक, टिल्टचा (मशीन फार हलवलं की खेळ थांबवणारा), जर जरा हलताच खेळ बंद पाडत असेल, तर त्याचं वजन दांडीवर थोडं वर सरकवा. ते भोवतीच्या कडीत जास्तच खाली उतरलेलं असतं.