गुंगीत, पण शुद्धीवर

[नागपूरच्या धंतोलीतला दवाखाना, सकाळ. खुर्चीवर पेशंट, बाजूला एक्स-रे.]

खालची अक्कलदाढ हाडात आडवी रुतून बसली आहे. ती काढायची म्हणजे हिरडी उघडायची, ड्रिलने हाड कोरायचं, दाढेचे तुकडे करायचे. खुर्चीवरचा माणूस आत्ताच घामाघूम झालाय. त्याला हे सगळं गुंगीत होईल.

[तोंडात स्टीलची पट्टी.]

आधी हे माप. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पेशंटची स्वतःची तीन बोटं मावायला हवीत. नागपुरात हे टाळून चालत नाही, कारण खर्रा. पन्नीत घोटलेली ही सुपारी-तंबाखू वर्षानुवर्षं गालात धरली, की गालाची आतली बाजू पांढरी पडते, ताठ होते आणि तोंड उघडेनासं होतं. गुंगीत श्वास अडला आणि तोंड बोटभरच उघडत असलं, तर नळी घालायची कुठून? असा पेशंट या खुर्चीवर घेत नाहीत, ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. पोटही सहा तास रिकामं हवं. तर्री-पोहे खाऊन आलेल्याला दुसरी तारीख मिळते.

[हाताची पाठ, निळी कॅन्युला, सिरिंज.]

२२ नंबरची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी. सिरिंजमध्ये मिडाझोलॅम, म्हणजे गुंगीचं औषध, एका मिलीत १ मिलिग्रॅम. पहिला १ मिलिग्रॅम सावकाश आत जातो, मग दोन मिनिटं फक्त बघत राहायचं. घाई इथेच नडते. औषध चढायला वेळ लागतो. ‘काहीच झालं नाही’ म्हणून पुढचा डोस ढकलला, की दोन्ही एकदम चढतात आणि श्वास मंदावतो. म्हाताऱ्या माणसाला सुरुवातच निम्म्याने.

[पेशंटचा चेहरा, जवळून.]

“भाऊ, ऐकू येते ना?”
“हो जी.”

मघाशी हे ‘हो जी’ लगेच यायचं. आता मध्ये जरा वेळ जातो. जीभ जड, पापण्या अर्ध्यावर. इथे थांबायचं. उत्तर यायचंच बंद झालं, तर डोस जास्त झाला.

[बोटाला चिमटा, स्क्रीनवर आकडा.]

हा ९८ म्हणजे रक्तातला ऑक्सिजन. गडद नेलपॉलिशवर तो चुकतो. त्याहून फसवी गोष्ट अशी, की श्वास थांबल्यावरही आकडा काही वेळ तसाच राहतो. नाकाला ऑक्सिजन लावला असेल तर आणखीच. म्हणून भूलतज्ज्ञाची नजर छातीवर. ट्रेमध्ये फ्लुमाझेनिल, म्हणजे मिडाझोलॅमचा उतारा, काढून ठेवलेला. दाढ काढणारा वेगळा आणि पेशंटवर लक्ष ठेवणारा वेगळा हवा. ‘दोन्ही मीच बघतो’ असं कोणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणावं.

[जबड्यात इंजेक्शन, मग ड्रिल.]

गुंगीने दुखणं जात नाही, त्यासाठी जागा बधिर करणारं लिग्नोकेनचं इंजेक्शन लागतंच. ड्रिलचा आवाज येतो, दाब कळतो, पण कळ यायला नको. आली तर पेशंटने डावा हात वर करायचा, हे आधीच ठरलेलं असतं. तेव्हा वाढवायचं लिग्नोकेन. मिडाझोलॅम वाढवून त्याला गप्प करणं चूक आहे, आणि ही चूक होते.

[टाके. बाहेर बाकावर सोबतचा माणूस.]

यातलं बरंचसं पेशंटला आठवणार नाही, म्हणून सूचना कागदावर, सोबत आलेल्याच्या हातात. २४ तास गाडी चालवणं बंद, कागदपत्रांवर सह्या बंद. टू-व्हीलरवर मागे बसूनही जायचं नाही, ऑटो करा.