गाठीची कड शोधताना

रोबोटच्या मदतीने चाललेल्या शस्त्रक्रियेत पडद्यावर दिसणारा हा तांबूस, ओलसर गोळा म्हणजे मूत्रपिंड. जी गाठ काढायची आहे ती बरीचशी आत दडलेली असल्याने कॅमेऱ्याला तिचा जेमतेम उंचवटा दिसतो, आणि सर्जन टेबलापासून दूर, रोबोट चालवण्याच्या कन्सोलला डोळे लावून बसलेला असल्याने बोटांनी चाचपून पाहण्याची जुनी सोयही उरलेली नाही.

म्हणून टेबलाशी उभा असलेला साहाय्यक पोटावरच्या छिद्रातून सोनोग्राफीचा एक छोटा प्रोब आत सोडतो, रोबोटचा चिमटा तो पकडतो आणि मूत्रपिंडावरून सावकाश फिरवतो. गाठीची कड सापडते खरी, पण ती मुख्य दृश्याबाहेरच्या वेगळ्या, करड्या चौकटीत. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटमध्ये ही दोन्ही चित्रे एकाच वेळी पाहता येतात. त्यांची सांगड मात्र सर्जनला मनातल्या मनात घालावी लागते.

मिश्र वास्तवाचे, म्हणजे खऱ्या दृश्यात संगणकाचे चित्र मिसळण्याचे, तंत्र ही चौकट उचलून प्रोबच्या खाली, प्रत्यक्ष ऊतीतच उभी करते. कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेत चॅपल हिल येथील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९२ मध्येच डोक्यावर चढवलेल्या पडद्यातून गर्भवतीच्या पोटावर सोनोग्राफीचे चित्र दाखवले होते.

अडचण आहे ती मिलिमीटरांची. प्रोब नेमका कुठे आहे हे रोबोटच्या सांध्यांच्या कोनांवरून काढता येते, परंतु तारांनी ओढल्या जाणाऱ्या लांब हातांत चूक साचत जाते. म्हणून प्रोबवर खुणांची नक्षी लावून ती कॅमेऱ्याने टिपतात. चित्राच्या जुळणीची चाचणी पाण्यात घेतली, तर आणखी एक गंमत होते. सोनोग्राफीचे यंत्र आवाजाचा वेग सेकंदाला १,५४० मीटर धरते, तर खोलीच्या तापमानाच्या पाण्यात तो सुमारे १,४८० असतो, आणि तेवढ्याने ५ सेंटिमीटर खोलीवरचा बिंदू जवळजवळ २ मिलिमीटर चुकीच्या जागी दिसतो.

शिवाय मूत्रपिंड श्वासाबरोबर हलते. व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील गटाने यासाठी गाठीजवळ ऊतीतच एक छोटी खूण रोवण्याची युक्ती कृत्रिम मूत्रपिंडांवर करून पाहिली. तरीही कापायला सुरुवात झाली की अवयवाचा आकारच बदलतो. त्यामुळे रक्तपुरवठा थांबवायला धमनी चिमट्यात धरण्यापूर्वीच सर्जन कॉटरीने, म्हणजे ऊती भाजणाऱ्या विद्युत उपकरणाने, गाठीभोवती एक रेघ भाजून ठेवतो. वरचे चित्र सरकले, तरी ती रेघ ऊतीबरोबरच हलते.