धडगावला गाव नाही, पाडा विचारायचा

मंडळी, नकाशात शोधलंत तर तालुक्याचं नाव अक्राणी दिसेल, पण शहाद्याच्या स्टँडवर धडगावची गाडी म्हणूनच विचारायचं. नंदुरबार जिल्हा 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यातला हा अगदी उत्तरेकडचा डोंगराळ तालुका, सगळा सातपुडाच. थंड हवेचं तोरणमाळ इथलंच, अस्तंबा शिखरही इथलंच. खाली नर्मदा आणि पलीकडच्या काठाला मध्य प्रदेश. राहणारे जवळजवळ सगळे आदिवासी, पावरा आणि भिल्ल.

आपण सपाटीवरची माणसं गेलो की गाव शोधतो, चावडी, पार, एकाला एक लागलेली घरं. इथे तसं काही दिसतच नाही. ज्याचं शेत तिथेच त्याचं घर, अशा थोड्या घरांचा एक पाडा, मग नाला, मग छातीवरचा चढ, मग दुसरा पाडा, आणि असे कितीतरी पाडे मिळून कागदावरचं एक गाव. म्हणून कोणी मला सांगितलं की अमुक गावात रस्ता झाला, लाईट आली, तर मी लगेच विचारते, कुठल्या पाड्यापर्यंत? कारण गावाच्या नावावर टिक लागते आणि वरच्या पाड्यातली बाई अजून डोक्यावर हंडा घेऊन झऱ्यावरच जात असते.

बाळंतीण अडली की बांबूला झोळी बांधायची आणि खांदे बदलत बदलत डांबरी सडकेपर्यंत उतरायचं. पेपरवाले त्याला बांबूलन्स लिहितात, मला तो शब्द अजिबात आवडत नाही. उचलणाऱ्यांच्या खांद्याला काय होतं ते मी पाहिलंय, पावसाळ्यात पाय घसरतो तेव्हा कोणी बोलत नाही, फक्त आतल्या बाईचा आवाज येतो.

आता बिलगावचं सांगते, हे लोकांना माहीतच नसतं. उदई नदीच्या तिथे धबधबा आहे. 2003 मध्ये नर्मदा बचाव आंदोलन, केरळहून आलेले इंजिनिअर आणि गावकरी यांनी मिळून त्या पाण्यावर 15 किलोवॅटचा छोटा वीजप्रकल्प उभा केला, बंधाऱ्यासाठी लोकांनी श्रमदान केलं. एकमेकांच्या कामाला जायची रीत इथे जुनीच आहे, तिला लाह म्हणतात, मजुरी नाही, घरधन्याने जेवू घालायचं, घर बांधणं असो की निंदणी. तर बिलगावात दिवे लागले आणि 2006 च्या पुरात, सरदार सरोवराचं पाणी मागे फुगलेलं असताना, तो प्रकल्प बुडाला. स्वतःची वीज स्वतः केलेल्या गावाचा प्रकल्प मोठ्या धरणाच्या पाण्याने गिळला, हे मला आजही पचत नाही. अक्राणी आणि शेजारचा अक्कलकुवा मिळून महाराष्ट्रातली 33 गावं त्या बुडितात आली. बरेच लोक खाली पुनर्वसनाच्या वसाहतीत गेले, काही काठावर वर सरकून राहिले, आणि जिथे पूर्वी पायी जायचे तिथे आता बोटीने जावं लागतं.

शाळेचंही तसंच, पोरगं घरी पावरी बोलतं आणि पहिलीचं पुस्तक मराठीत, म्हणजे त्याला आधी भाषा शिकायची आणि मग धडा. निमगव्हाणसारख्या ठिकाणी आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या तिथे पोरांच्या बोलीपासून सुरुवात झाली, मला तो रस्ता बरोबर वाटतो.

पैशाचं म्हणाल तर उन्हाळ्यात आमचूर. दारची गावठी आंब्याची झाडं, कैऱ्या सोलून फोडी करून खडकावर वाळवायच्या, त्यात अवकाळी पाऊस आला की फोडी काळ्या पडतात आणि व्यापारी भाव पाडतो. महिनाभराची मेहनत एका रात्रीत जाते. म्हणून मग दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातला ऊसतोडीला जातात, पोरंही बरोबर, शाळा अर्धी सुटते.

पण होळीला जमेल तो परत येतो. आधी भोंगऱ्या, म्हणजे होळीच्या आधीचा आठवडी बाजार, मग एकेका गावाची होळी वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे एका पाड्याला दुसऱ्याच्या होळीला जाता येतं. शेजारच्या अक्कलकुव्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर ढोल, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेले बावा बुध्या नाचत असतात, आणि ते नवस फेडायला, पाळणूक करून, म्हणजे व्रताचे नियम पाळून आलेले असतात. तुम्हाला यायचं असेल तर या, पण त्यांच्या तोंडासमोर मोबाईल धरायच्या आधी विचारा, आणि कोणी घरी भाकरी खायला बोलावलं तर नाही म्हणू नका.